वर्षभर टिकलेला मसाला: म्हापशातली एक गिरण

म्हापशाच्या बाजारामागच्या गल्लीत मसाला कांडायची एक गिरण आहे. पुढे दुकान, मागे भाजायची चूल आणि कांडप यंत्र, बाजूच्या खोलीत पिशवीतली हवा ओढून तोंड बंद करायचं मशीन. मालकांनी नाव लिहू नकोस म्हणून बजावलंय, कारण मे महिन्यात त्यांना आताच जेवायला सवड मिळत नाही. म्हणून नाव लिहीत नाही. 'वर्षाचा मसाला बांधून देतात ती गिरण कुठे' असं बाजारात विचारलंत तर कोणीही हात दाखवील.

मी पेडणे तालुक्यातला. सैन्यात स्वयंपाकी म्हणून भरती झालो आणि हवालदार होऊन निवृत्त झालो. नोकरीच्या शेवटच्या काळात आमची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला गेली, मलाकाल या गावी. जाताना या गिरणीतून मी वर्षभराचं सामान बांधून नेलं होतं. गोव्यात बसून चार दिवस वापरलेल्या मसाल्याबद्दल कोणीही चांगलं बोलेल. हा माल ४० अंशांच्या वरच्या उन्हात, पत्र्याच्या कोठीत आणि नंतर चिखलाच्या पावसाळ्यात वर्षभर माझ्या हाताखाली होता. त्यामुळे मी जे लिहितोय ते पारखून लिहितोय. आमच्याकडची मुलं सैन्यात आहेत, जहाजांवर आहेत, आखातात आहेत. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना उपयोग व्हावा एवढीच इच्छा आहे.

या गिरणीचा सगळ्यात मोठा गुण आधी सांगतो. हे लोक नको तो माल विकत नाहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या पद्धतीचा, खोबरं भाजून घातलेला हुमणाचा, म्हणजे माशांच्या आमटीचा, मसाला मागितला, तोही घाऊक. मालकांनी, त्यांना सगळे काका म्हणतात, वजनकाट्याला हात लावला नाही. किती महिने ठेवणार, कुठे ठेवणार, एकदा पिशवी उघडली की किती दिवसांत संपणार, असं एकेक विचारत गेले. मी मलाकालचं हवामान सांगितलं. ते म्हणाले, "हें वर्सभर उरचें ना." खोबऱ्याला तेल असतं, उन्हात ते खवट होतं, आणि एकदा खवटपणा आला की चांगली मिरचीही वाया जाते, हे त्यांनी मला नीट समजावलं. मी स्वतः स्वयंपाकी, मला हे ठाऊक होतं. पण पिशवीतली हवा काढली तर टिकेल अशी माझी आशा होती. ते म्हणाले, हवा काढली तरी तेल आतच राहतं, आणि ऊन पिशवी विचारत नाही. मग त्यांनी मिरची, धणे, मिरी, लवंग, दालचिनी आणि हळद असा नुसता कोरडा मसाला करून द्यायचं ठरवलं. नारळाच्या दुधाची पावडर तिथे आयत्या वेळी घालायची. बिल जवळजवळ निम्म्यावर आलं. ते त्यांनी स्वतःहून आणलं.

मिरची हरमलची घेतली. हरमल आमच्याच तालुक्यातलं, आणि तिथल्या मिरचीला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. ती महाग आहे, म्हणून सगळा मसाला त्याच मिरचीचा करू नका, रंगासाठी ब्याडगी मिसळा, हाही सल्ला काकांचाच. विकत आणलेली मिरची ते परत उन्हात घालतात. मूठभर उचलून कानाजवळ हलवतात, आतलं बी खुळखुळलं तरच पुढे जाते. देठ वाकला तर परत उन्हात, मोडला तर भाजायला. कांडून झालेला मसाला ते लगेच पिशवीत भरत नाहीत. पांढऱ्या धोतरावर पसरून रात्रभर निवू देतात. गरम मसाला बंद केला तर आत वाफ धरते, वाफेचं पाणी होतं आणि त्या पाण्यावर बुरशी येते. सैन्यातल्या कोठारांत मी असा फुगलेला, गाठी झालेला मसाला बघितलाय. कुठला कारखाना ते इथे सांगण्यात अर्थ नाही. भरणाऱ्याला घाई होती, एवढंच त्याचं कारण असणार.

पिशव्या चंदेरी, आतून थर असलेल्या. पारदर्शक प्लॅस्टिकच्या नकोत, कारण उजेडाने मिरचीचा रंग उडतो. मशीनवर काकांची सून असते, आम्ही सगळे तिला वहिनी म्हणतो. सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, बांधताना तिने जे केलं ते मी आधी कुठेच पाहिलं नव्हतं. हवा ओढली की सुंगटांच्या मिशा आणि डोक्यावरचा काटा पिशवीला आतून टोचतो, बारीक भोक पडतं, आणि आठवड्याभरात पिशवी सैल होते. म्हणून तिने आधी मिशा खुडल्या, मग जाड कागदात पुडी बांधली, आणि ती पुडी पिशवीत घातली. देठासकट मिरचीलाही तोच कागद. सुकी मासळी मी थोडीच नेली, तीसुद्धा सामानाची जबाबदारी असलेल्या क्वार्टरमास्टर साहेबांची परवानगी काढून. ज्यांना न्यायची असेल त्यांनी आधी आपल्या साहेबांना विचारावं. देशादेशाचे आणि विमानांचे नियम वेगळे असतात.

आता हा माल जिथे वापरला गेला त्याबद्दल. ते कळल्याशिवाय गिरणीची पारख कळणार नाही.

मलाकाल पांढऱ्या नाईलच्या पूर्व काठावर आहे. दक्षिण सुदान हा देश ९ जुलै २०११ ला झाला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या मोहिमेचा ठराव त्याच्या आदल्याच दिवशीचा. २०१३ च्या डिसेंबरात यादवी पेटली तेव्हा लोक जीव मुठीत धरून छावणीच्या आश्रयाला आले आणि तिथेच राहिले. आमच्या तारेच्या पलीकडे हजारो माणसांची वस्ती होती. ताडपत्र्या, बांबू, मधून मातीच्या वाटा, आणि दिवसभर मुलांचा आवाज. आम्ही राहायचो ते तयार बांधणीच्या पत्र्याच्या खोल्यांत. जमीन काळी चिकणमातीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मेपासून पाऊस लागला की तीच माती बुटाला धरून बसते, गाडी तर जागची हलू देत नाही. रस्ते बंद झाले की सामान नदीतून, सपाट तराफ्यांवरून येतं, आणि त्यांच्या सोबत हत्यारबंद जवान असतात. विमानपट्टी जवळ होती, पण आकाश भरलं की तीही भरवशाची नाही. शहरात भाज्यांचा बाजार होता, तिथली सुकी मासळी बघून मला शुक्रवारचा म्हापसा आठवायचा. आपल्या मसाल्याची पुडी मात्र हजार मैलांत नव्हती. संयुक्त राष्ट्रांकडून जवानाला हातखर्चाला दिवसाला १.२८ डॉलर मिळतात. ते खिशात असून काही उपयोग नव्हता.

शिधा संयुक्त राष्ट्रांचा. माणशी दिवसाला ४,५०० कॅलरीचं माप, आणि ते माप खरोखर पाळलं जातं. गोठवलेली कोंबडी, गोठवलेला मासा, बटाटे, कांदे, गाजर, मैदा, तांदूळ, डाळ, टिकणारं दूध, रस, चीज, अंडी. त्याशिवाय संकटासाठी १४ दिवसांचे तयार पुडे आणि पाणी वेगळं ठेवलेलं, त्याला हात लावायचा नाही. उपाशी कोणी राहत नव्हतं. पण दोन-तीन महिने गेले की लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भोजनगृहात, एक गोष्ट दिसायला लागते. जवान ताट घेतो, चार घास खातो आणि उठतो. बोलत नाही. घरी फोन लागला का विचारलं तर मान हलवतो. आमचे डॉक्टर साहेब दर आठवड्याला मला विचारायचे, उष्टं किती निघालं? वजनकाट्यापेक्षा उष्ट्याच्या बादलीवरून त्यांना तुकडीची तब्येत कळायची. एकाच चवीचं जेवण रोज आलं की माणूस आधी जेवणावरून उठतो आणि मग हळूहळू माणसांतून उठतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून मी मसाल्याचं स्वतःचं वेळापत्रक केलं. आठशेहून जास्त माणसांच्या तुकडीत रोज सगळ्यांना पुरेल एवढं काही मी नेलं नव्हतं, नेणं शक्यही नव्हतं. आठवड्यातून एकदा, तेही वार न सांगता. गोठवलेल्या माशाला काटा नसतो, वास नसतो आणि खरं सांगायचं तर चवही नसते. त्याला काकांचा कोरडा मसाला, नारळाच्या दुधाची पावडर, चार सोलं, म्हणजे आमसुलं, आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. तिरफळ कधी कांडायचं नाही, बी काढून टाकलेली नुसती टरफलं न्यायची आणि उतरवायच्या आधी घालायची. त्या दिवशी लंगरबाहेर रांगेत पहिल्यांदा गडबड ऐकू आली. गढवालचा एक जवान ताट घेऊन परत आला आणि म्हणाला, "उस्ताद, ये जीभ पे झनझन क्या है?" तिरफळाने जिभेला मुंग्या येतात, त्याला वाटलं काहीतरी चावलं. पुढच्या खेपेला त्यानेच दोनदा घेतलं. केरळचे दोघे मात्र पहिल्या घासाला ओळखीचं हसले, कारण कोकणपट्टी आणि त्यांचा किनारा यांची जीभ जवळची.

तिरफळ एका वर्षात तसूभरही उतरलं नाही. पिशवी उघडली की शेवटच्या महिन्यातही डोळ्यांपर्यंत वास जायचा. या एका जिन्नसाला मी पाचपैकी पाच देतो.

सोलं दुसरी. मार्च-एप्रिलच्या उन्हात टेहळणीच्या मनोऱ्यावर बसणाऱ्या माणसाच्या अंगावर चिलखती जाकीट आणि डोक्यावर शिरस्त्राण असतं. मीठ घामातून जातं आणि भूक मरते. त्या दिवसांत मी सोलकढी पिंपात करून मनोऱ्यांवर पाठवायचो, लसूण कमी, मीठ थोडं जास्त. पाण्यासाठी नाईलचं पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं, त्या पाण्याला क्लोरीनचा वास असायचा, आणि तो वास सोलांनी झाकला जायचा. तिकडचे लोक लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत करतात, त्याला कर्कदे म्हणतात. आमच्या भाषा सहायकाला, म्हणजे तिथल्या स्थानिक तरुणाला, मी सोलकढीचा पेला दिला तेव्हा त्याने रंग बघून कर्कदे समजूनच तोंडाला लावला. पुढच्या आठवड्यात त्याने मला घरची किसरा आणून दिली, ज्वारीची आंबवलेली, आपल्या आंबोळीपेक्षा पातळ आणि मऊ. त्या किसरेबरोबर मी आमचं सुक्या सुंगटांचं किस्मूर, म्हणजे कोशिंबिरीसारखं तोंडीलावणं, दिलं. दोघे मांडी घालून कोठीच्या दारात जेवलो.

सोलांबाबत एक तक्रार आहे, ती लिहिलीच पाहिजे. मिठाची सोलं ओलसर असतात. त्यांचं पाणी सुटून दोन पिशव्यांच्या शिवणीत उतरलं आणि तोंड सुटलं. आत बिघडलं काही नाही, मिठानेच वाचवलं, पण ट्रंकेत डाग पडले आणि शेजारची कुळथाच्या पिठाची पिशवी बाहेरून चिकट झाली. परत आल्यावर वहिनींना सांगितलं तर त्यांनी वाद घातला नाही. आता सोलं आधी एक दिवस जास्त सुकवतात आणि रुंद तोंडाच्या बरणीत देतात. बरणीचं वजन वाढतं हे खरं, पण जहाजावर जाणाऱ्यांना चालेल. विमानाने जाणाऱ्यांनी कोरडी, बिनमिठाची सोलं मागावीत, ती मिळतात, पण आठवडाभर आधी सांगावं लागतं.

गस्तीच्या शिदोरीचं वेगळं सांगायला हवं. लांबच्या गस्ती कित्येक दिवस चालतात. वस्तीतल्या बायका सरपणाला लांब रानात जातात, वाटेत त्यांना धोका असतो, म्हणून त्यांच्या वाटेवरही गस्त असते. गस्त पहाटे निघते. आमची चूल साडेतीनला पेटायची. पुऱ्या, उकडलेले बटाटे, अंडी, गूळ. यात मी काकांकडची कोरडी चटणी कागदाच्या पुडीत द्यायला लागलो, सुकी मिरची, लसूण, तीळ आणि सोलाची पूड. तीत खोबरं नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशीही ती खराब होत नाही. गस्तीवरून आलेला माणूस गाडीतून उतरून आधी पाणी मागतो. एक नाईक उतरला आणि म्हणाला, उस्ताद, पुढच्या वेळी पुड्या दुप्पट द्या, बांगलादेशच्या जवानांनी मागून घेतल्या. हे ऐकून मला जेवढं समाधान झालं तेवढं मेडल परेडच्या दिवशीही झालं नसेल. मेडल ९० दिवस सेवा झाली की सगळ्यांनाच मिळतं.

गस्तीची शिदोरी बांधताना हात कधी सैल पडला नाही, याला कारण आहे. ९ एप्रिल २०१३ ला जोंगलेई राज्यात गुमुरुकजवळ आपल्या जवानांच्या ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला आणि पाच भारतीय जवान गेले. तिथे जाणाऱ्या प्रत्येक तुकडीला ते सांगितलं जातं. बाहेर जाणाऱ्या माणसाच्या हातात मी देतो ती पुडी चांगलीच असली पाहिजे, एवढंच माझ्या हातात होतं. मलाकालच्या छावणीतल्या वस्तीवरही २०१६ च्या फेब्रुवारीत हल्ला झाला होता, घरं जळाली होती, माणसं मेली होती. आमच्या वेळी तेवढं काही झालं नाही. पण भोंगा वाजला की गॅस बंद, भट्टी बंद, आणि जो जिथे असेल तिथून वाळूच्या पोत्यांच्या खंदकात. एकदा राजमा अर्धा शिजलेला असताना भोंगा झाला आणि रात्री उशिरापर्यंत बाहेर पडता आलं नाही. परत आलो तेव्हा राजमा टाकून द्यावा लागणार होता, तेवढ्या उन्हात उघडा राहिलेला. त्या रात्री मी गिरणीतलं कुळथाचं पीठ काढलं. भाजलेलं असल्यामुळे पंधरा मिनिटांत पातळ पिठी होते, वर लसणाची फोडणी आणि एक सोल. खंदकातून थरथरत आलेल्या पोरांनी मगात ओतून ती प्यायली. कुळथाचं पीठ वर्षभर टिकेल का, अशी शंका काकांनाही होती. टिकलं. भाजणं इतकं नीट होतं की एक किडा निघाला नाही.

चवथीबद्दल, म्हणजे गणेश चतुर्थीबद्दल, थोडं. तिकडचं घड्याळ २०२१ च्या फेब्रुवारीत एक तास मागे गेलं, त्यामुळे आपल्यात आणि त्यांच्यात आता साडेतीन तासांचं अंतर आहे. पेडण्यात साडेसातला आरती सुरू व्हायची तेव्हा माझ्याकडे चार वाजलेले, दुपारचा चहा चढवायची वेळ. मुलीने फोन माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, धरला की घुमट या आमच्या वाद्याचा आवाज चहाच्या पातेल्यापर्यंत यायचा. आमच्या तुकडीत रत्नागिरीचा एक जवान होता, त्याने तिथल्या काळ्या मातीची मूर्ती केली. ती माती सुकताना तडकते, म्हणून त्याने कापूस कुटून मिसळला. नैवेद्याला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, हव्यात. खोबरं नाही, पातोळ्यांना हळदीची पानं नाहीत. वहिनींनी जातानाच चण्याच्या डाळीचं पीठ, तीळ, खसखस आणि वेलची भाजून, कुटून सारणाचा कोरडा पुडा बांधून दिला होता. त्यात साखर मिसळायची आणि तुपावर परतायचं. सैन्यातल्या मंदिरात सगळ्या धर्मांचे जवान येतात, आणि त्या दिवशी नेवऱ्यांच्या रांगेतही सगळे होते. हा पुडा मी मागितला नव्हता. तिने विचारलं, चवथीला तिकडेच ना, आणि बांधला.

माडाचा गूळ मात्र नेऊ नका. त्यांनी तोही नको म्हणून सांगितलं होतं, आणि मी थोडाच नेला, फक्त १९ डिसेंबरसाठी. त्याचं असं की ५ डिसेंबरला आमच्या हजेरीत कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांची आठवण सांगितली गेली. १९६१ मध्ये काँगोत, एलिझाबेथविल इथे, संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत लढताना ते गेले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत परमवीर चक्र मिळालेले ते एकटेच. मी उठून सांगितलं की साहेब, त्यानंतर चौदाच दिवसांनी आमचा गोवा मुक्त झाला. एकाच महिन्यात आपली माणसं आफ्रिकेत लढत होती आणि मांडवीच्या काठी येऊन पोचली होती. कमांडिंग ऑफिसर साहेबांनी त्यावर १९ तारखेचं जेवण गोव्याचं करायची मुभा दिली. मी खतखतं, म्हणजे आमची मिसळीची भाजी, केलं. बटाटा, गाजर, भोपळा, मक्याचे दाणे, तूरडाळ, सोलं, तिरफळ आणि तो माडाचा गूळ. पावसाळ्यात गूळ पाणी ओढून सैल झाला होता, तरी चव होती. साधा ऊस-गूळ घातला असता तर चाललं असतं, पण तो दिवस माझा होता आणि मला आमच्याच माडाचा हवा होता.

आता उणिवा एकत्र सांगतो, म्हणजे जाणाऱ्याची फसगत होणार नाही. पिशवीवर तारीख आणि नाव मार्करने लिहितात. घामाच्या हाताने ते पुसतं, आणि चंदेरी पिशव्या बाहेरून सगळ्या सारख्या. मी स्वतः चिकटपट्टीवर लिहून प्रत्येकीला लावलं. त्यांनी छापील चिठ्ठ्या कराव्यात, हे मी त्यांना सांगितलंय आणि परत सांगेन. हवा ओढलेला मसाला दगडासारखा घट्ट होतो. वापरण्याआधी तो फोडून, चाळून घ्यावा लागतो, नाहीतर रश्शात गुठळ्या येतात. एक किलोच्या पिशव्या घेऊ नका. पावसात उघडलेली पिशवी तीन दिवसांत दमट होते, म्हणून पाव किलोच्याच बांधून घ्या. पिशवीमागे १५ रुपये जादा पडतात, ते वसूल होतात. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. घरपोच पाठवत नाहीत, कुरिअर करत नाहीत. वीज गेली की मशीन बंद, आणि म्हापशात वीज जाते. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असतं. शुक्रवारी तर जाऊच नका, गर्दीत काकांना तुमच्याशी चार शब्द बोलता येणार नाहीत, आणि त्यांच्याशी बोलणं हाच या दुकानाचा अर्धा फायदा आहे.

दर बाजारापेक्षा जास्त आहेत, विशेषतः हरमल मिरचीचे. माझ्या मते ते योग्य आहेत. दोनदा उन्हात घालणं, निवडणं, रात्रभर निववणं, या सगळ्याला माणूस लागतो. एकूण पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो चिठ्ठ्यांसाठी आणि सोलांच्या पिशव्यांसाठी.

एक विनंती घरच्यांना. मुलगा किंवा नवरा परदेशी तैनातीवर निघाला की आपण लाडू, चिवडा, फरसाण भरतो. ते पहिल्या दहा दिवसांत संपतं, आणि तेव्हा त्याला घरची तेवढी ओढही लागलेली नसते. ओढ लागते ती चौथ्या-पाचव्या महिन्यात, पाऊस लागल्यावर, गस्ती कमी झाल्यावर. तेव्हा त्याच्या ट्रंकेत काहीतरी शिल्लक असलं पाहिजे. म्हणून टिकणारं द्या, थोडं द्या, आणि कोरडं द्या. तिरफळ, सोलं, कुळीथ, कोरडी चटणी. ज्याला स्वयंपाक येत नाही त्यालाही पिठी करता येईल अशी कृती चार ओळींत लिहून पिशवीत घाला. लंगरच्या उस्तादाला ती पिशवी नेऊन दिली तर तो नाही म्हणणार नाही, हे मी माझ्या सगळ्या भाऊबंदांच्या वतीने लिहून देतो.

मसाला करून घ्यायचा असेल तर एप्रिलमध्ये जा, फार तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात. पहिला वळीव पडला की काका वर्षाच्या मसाल्याची मागणी घेत नाहीत, कितीही पैसे दिलेत तरी. आणि पावसाळ्यात अचानक बदलीचा हुकूम आला असेल, तर नुसतं तिरफळ आणि गेल्या उन्हाळ्याची सोलं मागा, ती त्यांच्याकडे बारा महिने असतात.